नेव्हिल टॅग आणि बुडालेलं बंदर

नेव्हिल टॅगने आयुष्यात कुठल्याच गोष्टीचा शेवट पाहिला नव्हता. मॅचची शेवटची दहा मिनिटं, सिनेमातला खुनी, लग्नातला केक, सगळं त्याने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. "गर्दी व्हायच्या आत निघू या," असं म्हणून तो उठायचा, कोट चढवायचा आणि दाराशी जाऊन उभा राहायचा. मग त्याची बायको ग्लेनिस आपली पर्स, आपला स्कार्फ आणि अर्धवट राहिलेलं बोलणं गोळा करून मागोमाग निघायची. त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, केलीच्या लग्नातही नवरानवरी नाचायला उठली तेव्हा हे दोघं पार्किंगमध्ये होते. ते लग्न पुढे मोडलं तेव्हा नेव्हिल म्हणाला होता, "बघ, तिथूनही आपण वेळेतच निघालो." ग्लेनिस काही हसली नव्हती.

त्याची बाजू घेणारे म्हणायचे, कामच तसं होतं हो त्याचं. तीसेक वर्षं तो वर्कसॉपहून सहलीच्या बसेस घेऊन किनाऱ्यावर जायचा. निम्म्या नॉटिंगहॅमशरला त्याने समुद्र दाखवला, स्वतः मात्र बसतळावरच्या चहाच्या टपरीपलीकडे गेला नाही. लोक वाळूत पाय सोडून बसलेले असायचे तेव्हा हा परतीच्या रस्त्यावर कुठे खणलंय, कुठला पूल बंद आहे याची चौकशी करत असायचा. निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं, आता स्वस्थ बसेल. पण त्याला परतायचं कुठूनच राहिलं नाही, तेव्हा तो स्वतःच्याच घरातून निघायची तयारी करायला लागला. चहाचा कप संपायच्या आत तीनदा उठायचा. बॉयलर बघून यायचा, गाडी बघून यायचा. खुर्चीत बसला तरी उजवा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत असायचा.

"तुझ्या त्या पायावर एखादा दिवा लावला तर विजेचं बिल वाचेल," ग्लेनिस म्हणायची. त्यापलीकडे ती काही म्हणायची नाही. नेव्हिलची समजूत अशी होती, की तिलाही लवकर निघायला आवडतं.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत केलीने मेबलथॉर्पच्या पुढच्या सँडपायपर पार्कमध्ये एक कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, भाड्याने घेतली, शुक्रवार ते सोमवार. ती, तिची बारा वर्षांची मुलगी एझ्मी आणि हे दोघं. कॅरॅव्हॅनची चावी दुपारी चारला मिळणार होती. नेव्हिलने सगळ्यांना पहाटे उठवलं आणि दहाच्या ठोक्याला पार्कच्या फाटकात आणून उभं केलं. चार वाजेपर्यंत चौघं गाडीत बसून सँडविच खात होती आणि काचेवर उत्तर समुद्राचा वारा वाळू मारत होता.

"आजोबा, आपण एवढ्या लवकर का आलो?" एझ्मीने विचारलं.

"रस्ता मोकळा मिळाला की नाही?"

"मिळाला. पण मग आता?"

नेव्हिल खाली उतरला आणि चाकांतली हवा तपासून आला.

एझ्मी आली होती ती 'बुडालेल्या बंदरा'साठी. उन्हाळ्यात ज्या मोठ्या हॉलमध्ये बंपर कार चालायच्या, तिथे हॅलोविनचे पंधरा दिवस प्लायवूडच्या भिंती ठोकून, काळे पडदे सोडून भुलभुलैया उभा करायचे. एका वादळात आख्खं कोळ्यांचं गाव समुद्राने गिळलं आणि आता ती माणसं परत आलीत, अशी त्याची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला चौघं रांगेत उभी होती. भोपळ्यांचे दिवे, कढीसारखा सॉस ओतलेल्या चिप्सचा वास, चेटकिणीच्या टोप्या घातलेली चिल्लीपिल्ली आणि आतून मधूनमधून येणाऱ्या किंकाळ्या. नेव्हिल रांगेतून दोनदा बाहेर पडून पुढे किती माणसं आहेत ते मोजून आला.

"बाबा, हात जोडते," केली म्हणाली. "फक्त एवढा वेळ. एकदा आपल्या जागेवर राहा."

"जागेवर राहायचंच नाहीये, आई. चालायचंय," एझ्मी म्हणाली. "आजोबांना जमेल."

दाराशी एका पांढऱ्याफटक चेहऱ्याच्या पोरीने नियम सांगितले. एकामागे एक उभं राहायचं. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही. सर्वांत पुढे एझ्मी, मग केली, मग ग्लेनिस आणि शेवटी नेव्हिल. त्याने ग्लेनिसच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हिरव्या लोकरी कोटाखाली खांदा इतका अरुंद झालाय हे त्याला नव्यानेच कळलं. कितीतरी दिवसांत आपण इथे हात ठेवलेला नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं, तेवढ्यात पडदा उघडला.

आत धूर होता. धुक्यात बोटींसाठी वाजवतात तसा भोंगा कुठेतरी वाजत होता. वरून ओली जाळी लोंबत होती, ती तोंडावरून सरपटली की एझ्मी किंचाळायची, केली शिव्या द्यायची आणि ग्लेनिस "अगंबाई, अगंबाई" करत हसायची. भिंतीतून एक हात आला, बॅरलमधून एक डोकं आलं. नेव्हिलला भीती वाटत नव्हती. त्याला फक्त पुढे सरकायचं होतं आणि रांग सरकत नव्हती. पुढचा घोळका कुठल्याशा खोलीच्या तोंडाशी अडकून पडला होता, आत जायला कुणी धजत नव्हतं. पाठीमागून कुणीतरी साखळी ओढत जवळ जवळ येत होतं. चिंचोळ्या बोळात चौघं उभी, डोक्यावर छत जेमतेम हातभर. नेव्हिलचा गुडघा हलायला लागला. मग बोटं.

डाव्या हाताला, पडद्याच्या फटीतून, संकटकाळी बाहेर पडायच्या दारावरचा हिरवा दिवा दिसत होता.

त्याने मनाशी हिशेब केला. यांचं व्हायला अजून बराच वेळ लागणार. बाहेर वारा सुटलाय, पाऊस भुरभुरतोय. आपण गाडी आणून दाराशी लावली तर बाहेर आल्याआल्या तिघींना बसता येईल. कुणीतरी हे बघायला नको का? तो निघून जायचा तेव्हा दर वेळी असंच व्हायचं. पाय आधी निघायचे आणि कारण त्यांच्या मागून धावत येऊन त्यांना गाठायचं. त्याने हात उचलला, पडदा सारला आणि दार ढकललं.

बाहेरचा गार वारा त्याने पोटभर ओढून घेतला. कॅरॅव्हॅनपर्यंत गेला, गाडी काढली, चालत चार मिनिटांचं अंतर वळसा घालून हॉलच्या मागच्या दाराशी आणून लावली, हीटर चालू करून ठेवला आणि बाहेर पडायच्या दारासमोर दिव्याखाली जाऊन उभा राहिला. स्वतःवर खूश होता तो.

दार उघडलं. एझ्मी आणि केली एकमेकींना मिठी मारून खिदळत आल्या. मागून ग्लेनिस आली, हळूहळू. आणि तिच्या मागे, तिच्या हिरव्या खांद्यावर हात ठेवून, चांगला सहा फुटी बुडालेला कोळी. पिवळा मेणकापडी कोट, त्यावर शेवाळ, तोंड म्हणजे माशांनी खाल्लेलं रबर. ग्लेनिसने आपल्या हाताने तो हात वरून धरून ठेवला होता, आणि तिचा चेहरा रडून मोकळ्या झालेल्या माणसाचा असतो तसा होता. नेव्हिलने तिला असं पाहिल्याला युगं लोटली होती.

मग तिला दिव्याखाली उभा असलेला नेव्हिल दिसला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग वळून मागे पाहिलं. कोळ्याने हळूच आपला हात काढून घेतला आणि मान खाली घातली.

"आजोबा पळाले!" एझ्मी ओरडली. "आजोबा घाबरून पळाले आणि आजीबरोबर भूत आलं! आजी, तुला कळलंसुद्धा नाही?"

ग्लेनिस हसायला लागली. इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. केलीही हसली, पण मध्येच थांबली, कारण आईचं हसणं थांबत नव्हतं आणि त्यात काहीतरी बरं नव्हतं.

"गाडी आणलीय," नेव्हिल म्हणाला. "आत गरम करून ठेवलीय."

"मी चालत येते," ग्लेनिस म्हणाली.

त्या संध्याकाळी ग्लेनिस डोकं दुखतंय म्हणून आतल्या पलंगावर जाऊन पडली. नेव्हिल कॅरॅव्हॅनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिला. पायाखालची फळी पातळ असल्याने प्रत्येक पावलाला कपाटातल्या बश्या वाजायच्या.

"बाबा, बसा नाहीतर बाहेर जा," केली वैतागली.

"ती आत काही बोलली का?"

"कुठे आत?"

"त्या भुलभुलैयात. मी... मी नसताना."

"मला कसं ऐकू येणार? एझ्मी माझ्या कानात किंचाळत होती." केलीने त्याच्याकडे बघितलं. "पण बोलत होती खरं काहीतरी. बराच वेळ. मला वाटलं तुमच्याशीच बोलतेय."

रात्र नेव्हिलने कशीबशी काढली. बायको आपल्याशी काय बोलली हे एका रबरी तोंडाच्या परक्या माणसाला माहीत आहे आणि आपल्याला नाही, ही गोष्ट त्याला पायात काटा मोडल्यासारखी टोचत होती. सकाळी ग्लेनिस समुद्राकडे फिरायला गेली तशी तो पार्कच्या कचेरीत गेला आणि तो पिवळ्या कोटातला कोळी कोण म्हणून विचारलं. काउंटरवरच्या पोराने च्युइंगगम चघळत सांगितलं, "लाँड्रीत बघा."

लाँड्रीत कोळी नव्हता. पन्नाशीची एक उंच, रुंद खांद्यांची बाई चादरींच्या घड्या घालत होती. यंत्रं घरघरत होती.

"या, या," ती म्हणाली. "धुवायचंय की वाळवायचंय?"

"काही नाही. मी कोळ्याला शोधतोय. कालच्या भुलभुलैयातल्या."

बाईने घडी खाली ठेवली आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अच्छा. म्हणजे गाडी आणायला गेलेले ते तुम्हीच."

तिचं नाव इव्हॉन. दिवसा चादरी धुवायची, ऑक्टोबरात संध्याकाळी पिवळा कोट चढवून मरायची, असं तिनेच सांगितलं.

"हे बघा बाई," नेव्हिल म्हणाला, "माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवायचं तुम्हाला कारण काय?"

"कारण तुमचा नव्हता. शेवटचा माणूस गळला तर आमच्यापैकी कुणीतरी मागे लागायचं आणि घोळका बाहेर काढायचा, असा आमचा नियम आहे. अंधारात कुणी एकटं राहायला नको. आणि दुसरा नियम, सोंगात असताना तोंड उघडायचं नाही. नाहीतर मी पहिल्या वाक्यालाच सांगितलं असतं हो तिला, की बाई, मी तो नव्हे."

"काय म्हणाली ती?"

"मला काही नाही म्हणाली. तुम्हाला म्हणाली. तुम्ही नव्हतात."

"अहो पण ऐकलं तर तुम्हीच ना!"

"ऐकलं. ते माझं नाही म्हणून सांगणारही नाही." इव्हॉनने दुसरी चादर ओढली, तिचं एक टोक नेव्हिलच्या हातात दिलं. तो नकळत ते धरून मागे सरकला. दोघांनी मिळून घडी घातली. "एवढं मात्र सांगते, कारण त्यात चूक माझी आहे. ती बोलून थांबली आणि उत्तराची वाट बघायला लागली. मला काय करावं कळेना. मी तिचा खांदा दाबला, असा. तिला वाटलं तुम्हीच दाबला. काल रात्री मला झोप नाही लागली त्यापायी. जा, विचारा तिला. इथे माझ्या चादरींचं टोक धरून काय उभे राहताय?"

ग्लेनिस समुद्रकाठच्या भिंतीवर बसली होती. भरती ओसरत होती. दूर पाण्यात पवनचक्क्या एका लयीत फिरत होत्या. नेव्हिल तिच्याशेजारी बसला, उठला, परत बसला.

"मी त्या कोळ्याकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "बाई आहे ती."

"हो का? हात उबदार होता."

"काय म्हणालीस तू तिला?"

ग्लेनिस म्हणाली, "ती पुढची खोली तू पाहिलीच नाहीस. जिथे सगळे अडकले होते ती. आत एक पलंग होता, खिडकी होती, भिंतीवर घड्याळ. पलंगावर एक म्हातारी. ती अंगावर येत नव्हती की किंचाळत नव्हती. नुसती हात वर करून म्हणत होती, 'थांब ना. थोडा वेळ थांब ना.' लोक त्यालाच घाबरत होते. मला आई दिसली."

नेव्हिलचा गुडघा हलायला लागला होता. त्याने वरून हात ठेवला, तरी तो हाताखाली हलतच राहिला.

"मी तुला म्हटलं," ग्लेनिस समुद्राकडे बघत म्हणाली, "म्हणजे तिला म्हटलं, की नेव्ह, त्या शनिवारी मला आईजवळ थांबायचं होतं. तू कोट घालून दारात उभा होतास. मॅच सुटून रस्ते भरायच्या आत निघू म्हणालास. मी तिच्या हातातून माझा हात सोडवला. आपण घरी पोचलो, तू घड्याळात बघून म्हणालास, 'बघ, कसे वेळेत आलो,' आणि फोन वाजला. हे तुला कधी बोलले नाही, आज बोलते आहे, असं म्हटलं. आणि तू माझा खांदा दाबलास. मला वाटलं, झालं, समजलं याला. एवढी वर्षं उगाच गप्प बसले, असं वाटलं मला."

वाऱ्याने तिचा स्कार्फ उडाला, तिने तो पकडून परत बांधला.

"मला काय माहीत, त्याच दिवशी..." नेव्हिल म्हणाला. "डॉक्टर म्हणाले होते अजून आठवडा..."

"माहीत आहे मला डॉक्टर काय म्हणाले होते ते."

"मला वाटायचं तुलाही निघायचं असतं. तू कधी नाही म्हणाली नाहीस."

"तू दारात उभा असायचास, नेव्ह. दारात उभ्या असलेल्या माणसाला काय सांगणार?"

तो आणखी काहीतरी बोलायला गेला, पण ती उठली आणि भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली. तो मागे गेला नाही. त्याला कळत होतं की आता जायला नको. पण जायला नको म्हणजे करायचं काय, हे काही त्याला कळत नव्हतं.

सोमवारी ते वर्कसॉपला परतले. घरी नेव्हिलची तगमग शिगेला पोचली. त्याने छपराची पन्हळ साफ केली, गॅरेज आवरलं, आवरलेलं गॅरेज पुन्हा आवरलं. ग्लेनिस रागावलेली नव्हती, तेच जास्त कठीण होतं. ती जेवण वाढायची, टीव्ही बघायची, "झोपते आता" म्हणायची. मंगळवारी सकाळी त्याच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. सासूच्या, एड्नाच्या शेवटच्या घटकेला शेजारची विनी स्किडमोर तिच्याजवळ होती. विनी अजून गेन्सबरोच्या त्याच गल्लीत राहत असणार. तिला जाऊन विचारावं. एड्ना शेवटी काय बोलली, तिला त्रास झाला का, तिने लेकीचं नाव घेतलं का. ते ऐकून यायचं आणि ग्लेनिसपुढे ठेवायचं. करण्यासारखं काहीतरी सापडल्यावर त्याला इतकं बरं वाटलं, की तो चहा अर्धा टाकून निघाला.

विनी पंच्याऐंशीच्या पुढची, काठी टेकत दाराशी आली. तिने नेव्हिलला ओळखलं, पण त्याच्या पाठीमागे कुणालातरी शोधलं.

"ग्लेनिस कुठाय? आणि आज गुरुवार थोडाच आहे?"

"गुरुवार?"

"ती गुरुवारी येते ना माझ्याकडे. बरी आहे ना ती?"

नेव्हिल उंबऱ्यातच उभा राहिला. गुरुवारी ग्लेनिस पोहायला जाते. म्हणजे आपल्याला वाटत होतं की पोहायला जाते. ती तसं म्हणाली होती की आपणच धरून चाललो होतो, हे त्याला आठवेना. "किती दिवस येतेय?" त्याने विचारलं.

"एड्ना गेल्यापासून. आत या, दार उघडं ठेवून गल्ली तापवू नका."

आतल्या खोलीत विनीने त्याला खुर्ची दिली आणि विचारायची वाट न बघता सांगायला लागली. ती गोष्ट तिने पुष्कळदा सांगितलेली होती, हे कळत होतं. "तुम्ही दोघं गेलात. एड्नाने डोळे उघडले. म्हणाली, 'गेले का?' मी म्हटलं, 'गेले.' तर म्हणते, 'बरं झालं बाई. तो जावई नुसता उठबस, उठबस करतो, मला पलंगावर पडल्यापडल्या बोट लागून मळमळल्यासारखं व्हायला लागलं होतं.' असं म्हणाली! मग थोडा चहा मागितला. मी चमच्याने पाजला. मला म्हणाली, 'ग्लेनिसला सांग, खिडकीतली कुंडी घेऊन जा, इथे मरेल ती.' आणि मग झोपली. तेवढंच. अजिबात त्रास नाही झाला तिला."

नेव्हिलला हसू आणि रडू एकाच वेळी आलं. तो विनीचे दोन्ही हात दाबून निघाला. परतीच्या वाटेवर रेटफर्डपर्यंत तो गाडीत मोठ्याने तेच तेच बोलून बघत होता, ग्लेनिसला कसं सांगायचं ते.

ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. त्याने कोटही काढला नाही.

"ग्लेनिस, ऐक. मी विनीकडे जाऊन आलो. तुझी आई... तिला काही वाटलं नव्हतं गं! उलट बरं वाटलं तिला आपण गेलो म्हणून. माझ्या उठबशीने तिला बोट लागत होती म्हणे! आणि झोपेतच गेली. कुंडीबद्दल बोलली होती. तू उगाच एवढी वर्षं मनाला लावून..."

"मला माहीत आहे," ग्लेनिस म्हणाली.

"हो, म्हणजे तू जातेस तिथे, ते कळलं मला. पण मग..."

"कुंडी मागच्या खिडकीत आहे. तू दर रविवारी तिला पाणी घालतोस."

नेव्हिलने मागच्या खिडकीकडे पाहिलं. खरंच होती.

"आईला काय वाटलं ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं," ग्लेनिस म्हणाली. तिच्या हातातली सुरी थांबली होती. "आईचा प्रश्नच नाही, नेव्ह. आई मजेत गेली. मला थांबायचं होतं. मला. तिला माझी गरज होती म्हणून नाही. मला तिथे बसायचं होतं म्हणून. एवढंच मी त्या अंधारात सांगत होते."

नेव्हिल कोट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याला पहिल्यांदाच ते बाहेरून दिसलं: दारात उभा असलेला एक माणूस, अंगात कोट. तो कसाबसा आत आला, कोट खुर्चीवर टाकला आणि टेबलाशी बसला. काही सांगायला नव्हतं, काही आणायला नव्हतं. तिच्यासमोर सोललेल्या बटाट्यांचं भांडं होतं. त्याने हात पुढे केला, पण खांदा लांब होता, मग त्याने तो हात तसाच टेबलावर ठेवला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

ग्लेनिसने मान हलवली. मग पुन्हा सोलायला घेतलं. साल लांबच लांब निघत होती.

"गुरुवारी येतोस का?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "पण मी उठेन तेव्हाच उठायचं."

गुरुवारी तो गेला. विनीने शिळ्या केकचे जाड काप केले, चहाची किटली लोकरीच्या टोपीखाली झाकली आणि दोघी सुरू झाल्या. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची सून, गल्लीत नवीन आलेले पोलिश लोक आणि त्यांचा तो देखणा कुत्रा. त्यातलं एकही माणूस नेव्हिलला माहीत नव्हतं. बोलणं कुठे चाललंय ते कळत नव्हतं आणि ते कुठेच चाललेलं नव्हतं. अर्ध्या तासात त्याने केक संपवला, पडद्यावरची फुलं पाहून झाली, खुर्चीत चार तऱ्हांनी बसून झालं. गुडघा टेबलाच्या पायाला लागत होता आणि कपबश्या किणकिणत होत्या.

विनीने बोलता बोलता त्याच्याकडे बघितलं. "वर गेलात की उजव्या हाताला आहे हो," ती म्हणाली.

"काय?"

"संडास. केव्हापासून बघतेय, तळमळताय बिचारे. लाजू नका."

ग्लेनिसने तोंडावर हात ठेवला. नेव्हिल लाल होऊन उठला आणि जिना चढला, कारण आता नाही म्हणणं त्याहून वाईट दिसलं असतं.

वरच्या खिडकीतून शेजारचं अंगण दिसत होतं. एड्नाचं. आता तिथे निळी तीनचाकी सायकल उलटी पडली होती आणि दोरीवर लहान मुलाचे मोजे वाळत होते. तो तिथे उभा राहिला. पायऱ्या उतरून पुढच्या दाराने बाहेर पडलं तर गाडी अगदी समोर होती. मनात ते आलं, त्याच्याही आधी ते पायात आलं होतं. त्याने खिडकीची चौकट धरून ठेवली.

खाली एकदम हशा पिकला. विनीचा खोकल्यासारखा आणि ग्लेनिसचा, पोटातून आलेला.

तो खाली आला. दोघी डोळे पुसत होत्या. त्याने आपली खुर्ची टेबलापासून जरा मागे घेतली, म्हणजे गुडघा कशाला लागणार नाही, आणि बसला.

"कशाला हसत होतात?" त्याने विचारलं.

"लांबलचक आहे ते," ग्लेनिस म्हणाली.

"असू दे."

विनीने किटलीवरची टोपी काढून आत डोकावून बघितलं, अजून चहा होता. तिने त्याचा कप ओढून भरला. "तर ऐका," ती म्हणाली. "तुमच्या सासूचा एक चुलतभाऊ होता, क्लेथॉर्प्सला राहायचा..."